आमची लेकरं बारीक आहेत

माझ्यात एक खोड आहे. कुठं पहिला नंबर मिळणार असेल तर मला राहवत नाही. शाळेत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मी लिंबाला खालून बाभळीचा डिंक लावला होता आणि बक्षिसाची कंपासपेटी घेताना जराही लाजले नव्हते. त्यामुळे गावच्या अंगणवाडीची सेविका म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा माझे मालक एवढंच म्हणाले, "आता त्या लेकरांचं काय खरं न्हाय." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, पण माणूस चुकीचं बोलला नव्हता.

आमचं गाव लहान. भूमच्या आठवडी बाजाराला इथून सकाळची एक एसटी जाते, दुपारची एक येते, आणि मधल्या वेळात गावात जे होतं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. अंगणवाडी म्हणजे एक खोली, वर पत्रे, भिंतीवर मीच रंगवलेला पोपट. त्या पोपटाला लेकरं कावळा म्हणतात. माझ्या जोडीला मदतनीस म्हणून एक वयस्क मुसलमान बाई आहेत. त्यांना लहानथोर सगळे खाला म्हणतात. खिचडी त्या शिजवतात, नाकं त्या पुसतात, आणि माझ्यावर रागवायचा हक्क गावात फक्त त्यांना आहे.

महिन्यातून एकदा लेकरांची वजनं घ्यायची आणि मोबाइलमध्ये भरायची, हे आमचं मोठं काम. वयाच्या मानानं वजन बरं असेल तर हिरवा रंग येतो, कमी असेल तर पिवळा, आणि फारच कमी असेल तर लाल. बाहेरून बघणाऱ्याला हे काम सोपं वाटेल. आमच्या गावात मात्र वजनाचा दिवस हा सण होता.

सकाळपासून आया लेकरांना नटवायला बसायच्या. काजळ, जरीचं झबलं, कमरेला चांदीचा करदोडा, पायात वाळे, हातात कडी. एका बाईनं ऐन उन्हाळ्यात लेकाला स्वेटर घालून आणला होता, आणि तो बिचारा घामानं निथळत काट्याच्या झोळीत लोंबकळत होता. घरून निघताना दहीभात, आणि त्यावर तांब्याभर पाणी पाजायची रीत होती. एक पोरगं तर दर महिन्याला झोळीतच मुतायचं. त्याची आई कपाळावर हात मारून म्हणायची, "आरं, जरा दम धरला असता, आकडा बगून झाल्यावर मुतायचं की."

हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. काट्याभोवती साऱ्या गावच्या बायका बसलेल्या, आणि लेकरू बारीक निघालं की दोष आईचा. घरी सासू विचारणार, "खायाला घालती का न्हाय गं?" त्या एका प्रश्नाला भिऊन चांदी बाहेर निघायची. मला हे दिसत होतं. मी काढायला सांगत नव्हते.

त्यात खालांची रीत वेगळीच. लेकराचं वजन मोठ्यानं बोललं तर नजर लागते, असं त्यांचं पक्कं मत. त्यांचे मालक हयात असताना जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. तिथं किंमत तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात. खालांनी तीच विद्या अंगणवाडीत आणली. त्या काट्यावरचा आकडा बघायच्या, माझ्याजवळ येऊन पदराखाली माझा हात धरायच्या आणि बोटं दाबायच्या. मूठ दाबली की पाच, एक बोट दाबलं की एक. मूठ आणि चार बोटं म्हणजे नऊ किलो. मी लगेच भरायची.

आता तुम्हीच सांगा, बोटांनी किलो कळतील, ग्रॅम कसे कळावेत? मी एकदा विचारलं, "खाला, वरचे चारशे-पाचशे ग्रॅम कुठं जातात?" त्या म्हणाल्या, "बेटी, अर्ध्याला बोट न्हाय. आन् लेकराचं कमी कसं सांगू? पाप लागंल. म्या वरलंच बोट दाबती." म्हणजे आठच्या वर काटा जरा हलला की नऊ. मला तेव्हा हे इतकं गोड वाटलं की मी ते माझ्या बहिणीला फोनवर हसून हसून सांगितलं होतं.

चांदी, पाणी आणि बोटं, या तिघांनी मिळून आमचं सगळं गाव हिरवं करून टाकलं. मोबाइलवर एकही लाल ठिपका राहिला नाही. मग वरून पत्र आलं, आमचा पहिला नंबर लागला, माझ्या गळ्यात हार पडला, हातात नारळ आला, आणि गाव कुपोषणमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र सरपंचांनी स्वतःच्या हातानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठोकलं. वेशीवर पाटीही रंगवली. शेजारच्या गावची सेविका दुसरी आली होती. तिच्या तोंडाकडे बघत मी पेढा खाल्ला, आणि तो मला फार आवडला.

पेढा पचतो न पचतो तोच लस द्यायला नर्सबाई आल्या. त्यांच्याजवळ एक कागदी पट्टी असते. ती लेकराच्या दंडाभोवती गुंडाळायची, आणि दंड किती जाड आहे त्यावरून हिरवा, पिवळा की लाल ते कळतं. त्या पट्टीला चांदी कळत नाही आणि पाणीही कळत नाही. एका मजुरी करणाऱ्या बाईची दोन वर्षांची मुलगी होती. शांत लेकरू. सगळ्या बाया तिला गुणी म्हणायच्या, कारण ती कधी रडायची नाही. नर्सबाईंनी तिच्या दंडाला पट्टी लावली आणि ती लालच्याही आत गेली.

नर्सबाईंनी माझ्या मोबाइलमध्ये बघितलं. तिथं नऊ किलो, हिरवा. मुलीच्या अंगावरचं सगळं काढून त्यांनी तिला झोळीत ठेवलं. काटा साडेसातावर थांबला. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की ते लेकरू गुणी नव्हतं. त्याच्या अंगात रडायला जीवच नव्हता.

"हिला सहा वेळा थोडं थोडं खायाला द्यावं लागंल, औषध लागंल, रोज नजरेखाली ठेवावं लागंल," नर्सबाई म्हणाल्या. "असंच ठेवलं तर साध्या तापाला पण हे लेकरू टिकायचं न्हाय." जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन आठवडे ठेवायची सोय होती, पण आईच्या कडेवर दुसरं तान्हं, आणि ती कामावर गेली नाही तर संध्याकाळी चूल पेटायची पंचाईत. अशा लेकरांसाठी गावातच, अंगणवाडीत, बालविकास केंद्र उघडता येतं. अंडी, लाडू, औषधं, सगळं तिथंच. फक्त नियम असा होता की ते केंद्र ज्या गावाच्या नोंदीत लाल लेकरू आहे तिथंच उघडायचं, आणि जे गाव मुक्त म्हणून जाहीर झालं तिथं वर्षभर उघडायचं नाही. मुक्त गावाला कशाला हवं केंद्र? कागदावर बघितलं तर नियम बरोबर होता.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी त्याच संध्याकाळी मोबाइलमध्ये खरं वजन भरलं आणि केंद्र मागितलं. दुसऱ्या दिवशी वरून फोन आला. "ताई, एका महिन्यात दीड किलो कसं कमी होईल? तुमचा काटा बिघडलाय." मी म्हटलं, "काटा नाही बिघडला, साहेब." ते म्हणाले, "काळजी करू नका, नवा पाठवतो." मी केंद्र मागितलं होतं. आठवड्यात खोक्यातून नवा कोरा काटा आला.

मग मी अर्ज केला. उत्तर आलं, त्यात पहिल्याच ओळीत आमच्या गावाचं अभिनंदन होतं. दुसरा अर्ज केला, पुन्हा अभिनंदन. एवढं अभिनंदन माझ्या लग्नात झालं नव्हतं.

शेवटी नाक मुठीत धरून मी शेजारच्या गावी गेले. तिथं दोन लाल लेकरं होती, म्हणून केंद्र चालू होतं. तिथल्या सेविकेला मी म्हटलं, "आमची एक मुलगी तुमच्याकडं लिहून घेता का?" तिनं चहा पाजला, खारी दिली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुमची आमच्यात लिवली तर आमची लाल तीन व्हतील. आन् तुमी परत पैल्या." मला तिचा भयंकर राग आला. परत येताना एसटीत तो राग हळूहळू तिच्यावरून उतरून माझ्यावर येऊन बसला, कारण तिच्या जागी मी असते तर मीही नेमकं हेच म्हणाले असते.

आता एकच वाट होती. गावातल्या सगळ्या लेकरांची खरी वजनं घ्यायची, कागद करायचा आणि वर जाऊन सांगायचं की आम्ही खोटं लिहिलं. मी महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर सभा बोलावली, वरच्या तुळईला काटा टांगून ठेवला आणि उभी राहून सांगून टाकलं. चांदीचं मला दिसत होतं, पाण्याचं माहीत होतं, बोटांचं तर मी हसत होते; तरी मी लिहीत गेले, कारण मला पहिला नंबर हवा होता.

बायका खवळल्या. "आमच्या लेकरांला भुक्कड म्हनायलाव व्हय?" "माझ्या माहेरी कळलं तर?" सरपंच मधे पडले. "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाटी आत्ताच रंगवली, अजून वाळली न्हाय." मी म्हटलं, "सरपंच, तुमच्या पाटीला सहा वेळा खायला घालायचं नाही, त्या मुलीला घालायचंय." पण ऐकायला कुणी तयार नव्हतं. त्या मुलीची आई मागं खांबाला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर झोपलेली. तिच्याकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं.

तेवढ्यात खाला उठल्या. आपल्या नातवाला त्यांनी हाताला धरून काट्याजवळ आणलं. त्याच्या गळ्यातला ताईत काढला, सदरा काढला, चड्डी काढली. पोरगं लाजून किंचाळलं. त्यांनी त्याला झोळीत घातलं आणि काटा बघितला. मी सवयीनं पदराखाली हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "धा किलो, वर दोनशे. माजा नातू हाय. साडेतीन वर्साचा हाय. बारीक हाय. लिव बेटी."

नजर लागेल म्हणून जन्मात कधी आकडा न बोललेली बाई ती. मग स्वेटरवाली उठली. तिच्यामागं झोळीत मुतणाऱ्याची आई. चांदी पदरात बांधून एकेक बाई येत गेली. आकडे खाला बोलत होत्या, मी लिहीत होते. संध्याकाळपर्यंत आमच्या हिरव्या गावात चार लेकरं लाल निघाली, आणि पिवळी किती ते सांगायला नको. सरपंचांचा नातू पिवळा निघाला तेव्हा सरपंच स्वतःच म्हणाले, "पाटी पुसतो."

पुढच्या सोमवारी आम्ही अकरा बायका लेकरं घेऊन धाराशिवला निघालो. नवा काटा मी सोबत घेतला होता. कंडक्टरनं विचारलं, "काय इकायला चाललाव?" खाला म्हणाल्या, "खरं इकायला चाललो. कोन घेतंय बगू." त्यानं काट्याचं तिकीट लावलं नाही.

तिथल्या जिल्ह्याच्या बालविकास ऑफिसातले साहेब चांगले होते. तरुण, थकलेले, समोर फायलींचा ढीग. सगळे त्यांच्याकडे आमचं गाव किती छान आहे ते सांगायला येत असणार. मी म्हटलं, "साहेब, आमची लेकरं बारीक आहेत." त्यांना वाटलं माझं काही चुकतंय. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, "नाही हो ताई, तुमचं गाव तर फार चांगलं आहे." स्वेटरवाली म्हणाली, "न्हाय साहेब, लई वाईट हाय." मागून दोघीतिघींनी माना डोलावल्या.

मग आम्ही त्यांना व्हरांड्यात नेलं. छताच्या हुकाला काटा टांगला. त्यांच्याच खात्यानं पाठवलेला असल्यामुळे बिघडलाय असं म्हणायची सोय नव्हती. लेकरांची झबली उतरली आणि ऑफिसातली माणसं दारात गोळा झाली. साहेबांनी स्वतः आकडे वाचले. त्या मुलीच्या वेळी ते दोनदा वाकून बघत राहिले.

"पण नियम वरून आलाय," ते म्हणाले. "मुक्त गावाला केंद्र देता येत नाही."

तेव्हा त्या मुलीची आई पहिल्यांदा बोलली. "साहेब, भूक गावाला लागती का लेकराला? गाव मुक्त असंल. ही न्हाय."

साहेबांनी कागद पुढं ओढला. आम्ही सांगत गेलो, ते लिहीत गेले. केंद्र गाव बघून नको, लेकरू बघून द्यावं. एक लाल असलं तरी द्यावं. वजनाच्या जोडीला दंडाची पट्टी लावावी. खालांनी मधेच घातलं, "आन् ज्या गावानं खरं सांगितलं, त्याची बेइज्जती करू नका. न्हायतर फुडल्या साली कोन सांगंल?" हे वाक्य साहेबांना कसं लिहावं ते कळेना, तेव्हा त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं.

लगेच काही झालं नाही. मी सकाळच्या एसटीनं चार हेलपाटे घातले. शिपाई मला ओळखायला लागला, नंतर नंतर तो मला बघितलं की चहाच सांगायचा. मधल्या काळात मला खोट्या नोंदींबद्दल नोटीसही मिळाली. खुलासा द्या म्हणे. मी एका ओळीत दिला, की चूक माझी आहे. मालकांनी ती ओळ वाचली आणि त्या दिवशी चहा त्यांनी केला. केंद्र मिळेपर्यंत खाला आणि मी घरून अंडी आणून त्या मुलीला भरवत होतो, आणि दर सकाळी ती दारातून आत येईपर्यंत माझा जीव टांगलेला असायचा.

अखेर मंजुरी आली, आणि नुसती आम्हाला आली नाही. जिल्ह्यात ज्या गावात एकही लाल लेकरू असेल तिथं केंद्र उघडावं, गाव मुक्त असो की नसो, असं पत्र निघालं. शेजारच्या गावच्या सेविकेनं मला फोन केला आणि म्हणाली, "ताई, ह्याच्यात बी तुमीच पैल्या." मी खूप हसले.

केंद्र चालू झालं. कामावर जाताना आई मुलीला सोडून जायची. पहिल्या आठवड्यात मुलगी तोंड फिरवायची, खाला तिला अंड्याचा पिवळा भाग चिमटीनं भरवायच्या. दुसऱ्या आठवड्यात तिनं शेजारच्या पोराच्या हातातला लाडू हिसकावला आणि त्याला चावली. एरवी चावणाऱ्या पोरांना मी कोपऱ्यात उभं करते. त्या दिवशी मी तिच्यापुढं दुसरा लाडू ठेवला. लाल गेला, पिवळा आला, आणि बऱ्याच दिवसांनी एका सकाळी पट्टी हिरव्यात शिरली.

आई समोर बसली होती, तान्हं कडेवर. मी म्हटलं, "हिरवं आलं बघ." मला वाटलं ती हसेल.

ती म्हणाली, "ताई, ह्या टायमाला खरं हाय न्हवं?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. पण तिथं टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. "मागं बी तुमी हिरवंच म्हनलाव," ती म्हणाली. "म्या हिच्या बापाला म्हनत व्हते, लई सुकलीय, दवाखान्यात न्हेऊ. ते म्हनले, ताईंनी हिरवं लिवलंय, तुला काय जास्त कळतंय का? मला बी पटलं. मग म्या गप बसले."

देवळाच्या ओट्यावर मी सगळ्यांपुढं चूक कबूल केली होती, नोटिशीला लिहून दिली होती, आणि झालं गेलं फिटलं असं मनात धरून बसले होते. ते फिटलं नव्हतं. मी पट्टी सोडवली आणि तिच्या हातात दिली.

तिनं तान्ह्याला खाली ठेवलं, पट्टी लेकीच्या दंडाभोवती गुंडाळली, सैल केली, पुन्हा गुंडाळली. रंगाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मी मोबाइल हातात धरून बसले होते.

"लिवा आता," ती म्हणाली.